फादर जोकीमचे मारेकरी

फादर जोकीम मूळचे वसईचे. जिंतूर तालुक्यातल्या वाघजाळीला ते औषधांची ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरले आणि गावचेच झाले. सायकलवरून वस्त्या-तांडे फिरायचे, गळवं कापायचे, ताप उतरेपर्यंत उशाशी बसायचे. बायनाबाईचं बाळंतपण अडलं तेव्हा तिला बैलगाडीत घालून जिंतूरच्या दवाखान्यात त्यांनीच नेलं. तेव्हापासून ती प्रार्थनाघराची झाडलोट करायची.

"पर म्या बौद्ध हाय, फादर," ती एकदा म्हणाली.

"केर काढायला बाप्तिस्मा लागत नाही," ते हसून म्हणाले.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दलितांच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. लेकरं काखोटीला मारून बौद्ध वस्ती प्रार्थनाघरात शिरली. मागोमाग जमाव आला. पुढं गावचा जमीनदार किशनराव, त्याचा भाऊ चंद्रभान आणि दोघांचा जिगरी दोस्त नागनाथ.

"लय बाटवाबाटवी झाली," किशनराव म्हणाला. "तो क्रूस उतरव. अन् ह्यांना बाहेर काढ."

"दोन्ही होणार नाही, किशनराव."

"मग गुडघ्यावर बस. माफी माग."

फादर दारातच गुडघ्यावर बसले. माफी त्यांनी मागितली, पण देवाकडे, आणि तीही ह्या तिघांसाठी. त्यांच्यावर कुऱ्हाडीचे दांडे पडत होते तोवर मागच्या खिडकीतून माणसं ज्वारीत पांगली. सगळ्यांत शेवटी उतरलेल्या बायनाबाईनं ते पाहिलं.

कोर्टात तिच्याशिवाय कुणी तोंड उघडलं नाही. तिघं सुटले, गळ्यात हार घालून गावात आले. बायनाबाई प्रार्थनाघरामागच्या कबरीपाशी गेली.

"तुमी माफ केलं आसंल, फादर. म्या न्हाई."

आधी नागनाथ गेला. कापसाच्या शेतात गुडघ्यावर बसलेला सापडला, डोळे उघडे. पाय काही केल्या सरळ होईनात. तसाच तिरडीवर बांधावा लागला. पान लागलं असेल, साप डसला असेल, असं लोक म्हणाले.

चंद्रभान परभणीच्या स्टेशनात गेला. भर गर्दीत, फलाटावर, गुडघे टेकून. गाडी आली, गेली. हमालानं खांदा हलवला तेव्हा तो गार पडला होता.

बायनाबाईनं आनंद लपवला नाही. चंद्रभानच्या दहाव्याला तिनं घरी पुरण घातलं.

त्यानंतर मात्र झाडताना तिला प्रार्थनाघरात कुणीतरी असल्यासारखं वाटू लागलं. फादरांच्या हातांना यायचा तसा स्पिरिटचा वास यायचा. बाकावर कुणी हुंदके गिळत असावं, असा आवाज यायचा. वळून पाहावं तर बाक रिकामा.

"कुणासाठी रडायलाव, फादर?" तिनं एकदा विचारलं. मग तिनं आत जाणंच सोडलं. पायरी तेवढी झाडायची.

एका दुपारी ती पायरीवर बसली असताना किशनराव आला. रांगत. धोतर फाटलं होतं, गुडघ्यांची सालटी निघाली होती.

"सकाळधरनं उठताच येईना, बायनाबाई. गुडघे आखडले ते सुटंनातच." तो धापा टाकत होता. "फादर सपनात येतो. आत ये म्हणतो. एकदा आत जाऊ दे."

"ते माफ करतेत तुमाला. ठावं हाय मला."

"मग सरक की, माय."

तिच्या मागं दार उघडलं. वारा नव्हता. आतून स्पिरिटचा वास आला. कुणीतरी हळूच तिचं नाव घेतलं, विनवल्यासारखं.

बायनाबाई उठली. दार ओढलं. कडी घातली.

"बाई," किशनराव म्हणाला.

ती दाराला पाठ लावून बसली.

कडी हलली. पुन्हा हलली.

किशनरावनं पायरीकडं हात लांबवला. तो पोचला नाही.

मग तो गुडघ्यांवरच गार पडला, आणि कडी हलायची थांबली.

पाठीला फळीतून ऊब लागत होती, दोन तळव्यांएवढी. दिवस कलला तरी ती हलली नाही.