उमरोळीच्या खोलीतला रिलीव्हर

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मीही आधी हसलेच होते.

गेल्या वर्षीची सतरा एप्रिल. वेळ दुपारी पावणेदोन.

हो, दुपारी. भुताला अमावस्या लागते, वड लागतो असं सांगणाऱ्यांनी उमरोळीच्या पत्र्याखाली एप्रिलमधली एक दुपार काढून बघावी.

घडलं ते माझ्या मावसभावाबरोबर. त्याचं नाव भाग्येश. आमचं मूळ गाव सांगलीकडचं. तो तारापूरला एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे. मी लग्न होऊन सफाळ्याला आले, घरी शिलाईचं काम करते.

भाग्येश माणूस चांगला. पण गेममध्ये... दगड.

मोबाईलवरचा बंदुकांचा गेम. चौघांची टीम, शेवटपर्यंत टिकली की जिंकली. दोन वर्षं हा रोज चार-चार तास खेळत होता. घामाने अंगठे अडकू नयेत म्हणून त्यांना टाल्कम पावडर लावायचा. दुसऱ्यांचे व्हिडिओ थांबवून थांबवून बघायचा. स्वतःच्या चुका वहीत लिहायचा.

आणि मॅच सुरू झाली की सगळ्यांत आधी मरायचा.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. बरं, घडा निदान गप्प तरी बसतो. हा वर कारणं सांगणार. नेट स्लो होतं, स्क्रीनवर ऊन आलं, अंगठा ओला होता... नाचता येईना अंगण वाकडं!

दिवाळीत मी त्याच्या उमरोळीच्या खोलीवर फराळ घेऊन गेले होते, तेव्हा चिडून त्याने माझ्या हातात फोन दिला. "ताई, एवढं सोपं वाटतंय तर तूच खेळून दाखव."

मी तो गेम जन्मात पहिल्यांदा हातात घेतला आणि शेवटच्या पाचांत आले. मशीनवर बसलेले हात आहेत माझे. मग काय, महिनाभर मी त्याला चारचौघांत चिडवलं.

आज त्याचं वाईट वाटतं. त्याच्यासाठी थोडं... माझ्यासाठी जास्त.

असो. त्याची टीम कारखान्यातल्याच लोकांची. कॅप्टन धीरज. मेच्या एक तारखेला बोईसरला स्पर्धा होती. धीरजने तोंडावर सांगून टाकलं, "सतराला शेवटची प्रॅक्टिस. त्यात पण पहिला मेलास, तर तुझ्या जागी मिथुन."

मिथुनला गेम शिकून दोन आठवडे झाले होते.

भाग्येशला घास उतरेना. वय वर्षं एकतीस, आणि घास कशापायी उतरत नाही, तर गेमपायी! मी फोनवर हसले. पण त्याला इथे दुसरं होतं तरी कोण? टीममधून काढला असता, तर कँटीनमध्येही त्याच्याशी कुणी बोललं नसतं. हे त्याला माहीत होतं. मला नंतर कळलं.

तो उमरोळीला रंभाबाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहायचा. नाईट शिफ्ट करून सकाळी यायचा आणि झोपायचं सोडून खेळत बसायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला पहिल्यांदा झालं. तो गेममध्ये मेला, आणि पाठीमागून आवाज आला...

"च्च."

त्याला वाटलं, पाल असेल. त्याने परत मॅच सुरू केली. परत मेला.

"च्च."

पाल अशी नेमकी चुकीवर चुकचुकत नाही. त्याने खाट सरकवली, कॅलेंडर उचललं, ट्यूबलाईटच्या मागे बघितलं. पाल नव्हती. साधी मुंगीसुद्धा नव्हती.

रंभाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्या खोलीत पाल नाय टिकत, भाऊ."

एवढंच बोलून त्या आत गेल्या.

आता कारखान्यातली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाळी संपली तरी ऑपरेटर जागा सोडत नाही. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर यावा लागतो. हा म्हणतो, "चार्ज घे." तो म्हणतो, "घेतला." मगच हा उठतो. आणि येणाऱ्याला काम येत नसेल, तर त्याला चार्ज देत नाहीत. मग सोळा तास झाले तरी बसून राहायचं.

तर, सतरा तारीख. पावणेदोन. कानात हेडफोन, अंगठ्यांना पावडर. मॅच सुरू झाली. दोन मिनिटांत भाग्येशने आपल्याच माणसाच्या पायाशी बॉम्ब टाकला.

"अरे, तुझ्यापेक्षा भिंत बरी खेळेल!" धीरज ओरडला.

आणि मागून...

"च्च."

भाग्येशचं टाळकं फिरलं. त्याने हेडफोन काढून खाटेवर आपटले आणि रिकाम्या भिंतीकडे बघून ओरडला, "एवढं येतंय ना तुला? मग ये! घे चार्ज!"

हात दाखवून अवलक्षण.

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज यायचा थांबला.

बाहेर रंभाबाईंची कोंबडी ओरडत होती. तिचाही आवाज थांबला.

मग अगदी कानाशी, थकलेल्या माणसासारखं, कुणीतरी म्हणालं...

"घेतला."

भाग्येशचे अंगठे हलायला लागले. तो हलवत नव्हता. मनगटापासून पुढे त्याला काही जाणवतच नव्हतं. खाटेवरच्या हेडफोनमधून धीरजचा आवाज येत होता. आधी शिव्या, मग शांतता, मग आरडाओरडा. मॅच जिंकली होती. भाग्येश शेवटपर्यंत जिवंत होता.

संध्याकाळी तो रंभाबाईंच्या ओटीवर जाऊन बसला. हात मांडीवर पालथे ठेवलेले. रंभाबाईंनी ते हात बघितले आणि आपणहूनच बोलल्या.

"तुमच्या आधी ज्ञानेश म्हणून होता. तो पण कारखान्यात. सोळा तास ड्युटी करून आला. दुपारी आमी जेवायला हाक मारली, तर ओ नाय. दार ढकलला. खाटेवर बसलेला, मोबाईल हातात, अंग गार. सकाळीच गेलेला, असा डाक्टर बोलला."

"मग?"

"अंगठे हालत होते ना, भाऊ. गेम चालूच होता."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितला असता तर खोली घेतली असती तुमी?"

मेच्या एक तारखेला मी बोईसरला गेले होते, त्याची फजिती बघायला. हॉलमध्ये शंभरेक माणसं. आमचा भाग्येश सगळ्यांना पुरून उरला. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले. धीरज मिठी मारून रडला.

मी पहिल्याच रांगेत होते. अख्खी फायनल त्याचे डोळे... मिटलेले होते.

जेवताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, मी नव्हतो गं." मी म्हटलं, चढली याला.

त्याने खोली सोडली, बोईसरला राहायला गेला. फरक पडला नाही. जूनपर्यंत तर फोन हातात नसतानाही व्हायला लागलं. घास तोंडाकडे नेताना हात मध्येच थांबायचा. शर्टाचं बटण चुकलं की मागून, "च्च." आयुष्यभर लोकांनी त्याला हिणवलं, त्यात मीही आले. पण लोक निदान झोपतात.

शेवटी त्याने रीतीप्रमाणे चार्ज परत मागितला. रिकाम्या खोलीत उभा राहून म्हणाला, "मी आलोय. घेतो चार्ज."

मग...

"च्च."

ज्याला काम येत नाही, त्याला चार्ज देत नाहीत. आणि काम शिकणार कसा? सरावाला हात कुठे होते त्याच्याकडे?

जुलैत एका दुपारी तो माझ्याकडे सफाळ्याला आला. गाल बसलेले. मी ब्लाऊजला हुक लावत होते. तो समोर बसला आणि फोन माझ्यापुढे धरला. गेम उघडाच होता. अंगठे चाललेले.

"ताई, जरा धर ना. पाणी पिऊन येतो."

मी हात पुढे केलाच होता. मग त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते भरून आले होते.

"धर ना गं," तो म्हणाला. "फक्त 'घेतला' म्हण. त्याला तू चालशील. दिवाळीत बघितलंय त्याने तुला."

मी हात मागे घेतला. पाणी आणून त्याच्या तोंडाला लावलं आणि त्याला स्टेशनवर सोडून आले. वाटेत एकदाही त्याला हसले नाही.

याला आता आठ महिने झाले. भाग्येश नोकरीवर जातो, टीम अजून जिंकते. तो फोनवर फारसं बोलत नाही.

मी त्या गेमला दिवाळीनंतर परत कधी हात लावला नाही. पण दुपारी घर रिकामं असतं, मी मशीनवर बसते, आणि पाठीमागे कुणीतरी येऊन उभं राहतं. सावली नाही, श्वास नाही. पण मशीनचा आवाज यायचा थांबतो.

म्हणून मी मुद्दाम चुकते. टीप वाकडी घालते. बाही उलटी जोडते. परवा तर गिऱ्हाइकाचं चांगलं रेशमी कापड मधोमध कापून टाकलं, आणि कान देऊन बसले.

एकदा तरी "च्च" म्हण, बाबा. एकदा तरी मला नालायक म्हण.

तो काही म्हणत नाही.

नुसता वाट बघत उभा राहतो.