मागचा किरण

मखमलाबादला नवसाबाई काकडांच्या मळ्यात घड्याळ कधी लागलंच नाही. झेंडू खुडून झाला की नवसाबाई बांधावर ताठ उभ्या राहायच्या, डोक्याची सावली जिथे संपते तिथे नजरेनं खूण धरायच्या आणि पावलाला पाऊल जुळवत तिथवर मोजत जायच्या. अमुक पावलं भरली की टोपल्या उचलायच्या, तमुक भरली की भाकरी सोडायची. रेडिओवरच्या बातम्या एक वेळ चुकतील पण नवसाबाईंची सावली चुकायची नाही, असं अख्खी आळी म्हणायची. नवसाबाई ते ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या, पण पदर मात्र सारखा करायच्या.

दोन हजार एक सालच्या मे महिन्यात एका सकाळी त्या मोजता मोजता मध्येच थांबल्या.

"सुवर्णे, इकडं ये गं. आज दोन हायेत."

सुवर्णा, त्यांची लेक, ओट्यावर प्रबंधाची पानं चाळत बसली होती. ती चप्पल न घालताच बांधावर आली.

"दोन काय?"

"सावल्या. ही बरोबर हाय. ही दुसरी बघ, लय लांब. मघाचीच ऱ्हायलीय जशी."

नवसाबाईंच्या पायापासून खरोखरच दोन सावल्या निघाल्या होत्या. एक नेहमीची, काळी. दुसरी फिकट, चहा सांडून वाळल्यासारखी, आणि पहिलीपेक्षा बरीच पुढे गेलेली. सुवर्णा कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. असल्या गोष्टींना उत्तर असतंच, यावर तिचा श्रावणी सोमवारापेक्षा जास्त विश्वास होता.

"शेजारच्यांनी नवा पत्रा टाकलाय ना, त्याच्यावरून ऊन परत येतंय," ती म्हणाली. नवसाबाईंना ते पटलं. लेक शिकलेली होती.

फाटकाबाहेर पडल्यावर सुवर्णाच्या ध्यानात आलं की पत्रा मळ्याच्या पश्चिमेला आहे. तिकडून ऊन परत आलं असतं तर सावली पूर्वेला पडायला हवी होती. पण समोर बस आली होती, आणि बसला थांबायची सवय नव्हती.

आता सुवर्णाच्या डोक्यात आठ वर्षं काय शिजत होतं ते सांगायला हवं. आकाशात काही मेलेले तारे असतात. सूर्याहून जड, पण मखमलाबादपासून नाशिकरोडपर्यंत मावतील एवढेच. त्यातल्या काहींचं चुंबकत्व इतकं भयंकर असतं की त्यांच्याभोवतीची रिकामी जागासुद्धा रिकाम्यासारखी वागत नाही. त्या पोकळीत कणांच्या जोड्या क्षणभर उगवतात आणि मावळतात, आणि चुंबक त्यांनाही ओढतो. मग तिथून जाणाऱ्या प्रकाशाला दोन वाटा फुटतात. एक किरण पुढे निघतो, दुसरा मागे पडतो. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. सुवर्णाचं म्हणणं एवढंच होतं की चुंबकत्व वाढत गेलं की मागे पडणारा किरण मागे पडतच राहतो. त्याला हद्द नाही.

या एका वाक्यापायी तिनं दोन स्थळं नाकारली होती आणि हंगामी नोकरीत आठ वर्षं काढली होती. फूलबाजारात बायका नवसाबाईंना चिडवायच्या, "काय गं, तुझ्या पोरीचा तारा उगवला का नाय?" नवसाबाई हारात फूल ओवत म्हणायच्या, "उगवंल." रोज संध्याकाळी घरी मात्र त्या स्वतःच लेकीला विचारायच्या, "झालं का गं?" आणि सुवर्णा म्हणायची, "अजून नाही." एक दिवस आपण दारातूनच ओरडून सांगू, "आई, झालं!" हे तिनं किती वेळा मनात म्हणून पाहिलं होतं, त्याला गणती नव्हती. पदवी तिला हवी होतीच. पण त्याहून जास्त ते दारातलं ओरडणं हवं होतं.

त्याच आठवड्यात तोंडी परीक्षेसाठी पुण्याहून डॉ. आगटे आले. सडपातळ, स्वच्छ, शर्टाच्या बाह्यांना कडक इस्त्री. प्रबंध त्यांनी ओळ न् ओळ वाचला होता, आणि ते वाईट माणूस नव्हते. म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागलं.

"बाई, काम सुरेख आहे. फक्त सहावं प्रकरण. मागचा किरण कुठेतरी थांबायलाच हवा. निसर्गात बेहद्द असं काही नसतं. कुठेतरी तुमचं चिन्ह चुकलंय."

"मी तपासलंय, सर. पुन्हा पुन्हा."

"तेवढं प्रकरण काढून टाका. मी आज सही करतो."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. जूनमध्ये नवी नेमणूक पदवीशिवाय मिळणार नव्हती, हे सुवर्णाला ठाऊक होतं. 'हो' म्हणायला ओठ हलवायचेही कष्ट नव्हते.

"ते प्रकरण म्हणजेच प्रबंध आहे, सर," ती म्हणाली.

आगट्यांनी फाईल मिटली. "मग माझा नाइलाज आहे. जेवणानंतर तसं लिहून देतो."

तेवढ्यात प्रयोगशाळेतले निसारभाई दारात आले. निसार पठाण म्हणजे कॉलेजच्या इमारतीइतकेच जुने, आणि पाहुण्याला काहीतरी दाखवल्याशिवाय सोडायचा नाही हा त्यांचा खाक्या. आज शून्य सावलीचा दिवस होता. दरवर्षी मे महिन्यात एका दुपारी सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली पार पायाखाली जाते. निसारभाईंनी गच्चीवर एक नळी, पाण्याची बाटली आणि स्टीलचा पेला मांडून ठेवला होता. सुट्टीमुळे पोरं नव्हती, म्हणून परीक्षकच सही.

गच्चीवर पोचल्यावर आगट्यांनी मनगटाकडे पाहिलं. "बारा वाजले. सावल्या तर आहेत."

"सर, ते घड्याळातले बारा," निसारभाई खुशीत म्हणाले. "नाशिकचे बारा साडेबाराला वाजतात. बाहेरून आलेले सगळे इथंच फसतात. जरा दम धरा."

तिघं टाकीच्या आडोशाला थांबले. गच्ची तव्यासारखी तापली होती. डांबराचा वास येत होता. खाली पंचवटीच्या बाजूला कुठेतरी लाऊडस्पीकर चालू होता आणि मग तो बंद झाला. नळीची सावली आखडत आखडत बोटभर राहिली, नखभर राहिली, आणि गेली.

"वा," आगटे म्हणाले.

"सर," निसारभाई हळूच म्हणाले, "ही कुणाची?"

पेल्यापासून पश्चिमेकडे एक फिकट सावली पसरली होती. हातभर लांब. बाटलीचीही होती. नळीची तर दोन हात पुढे गेली होती.

सुवर्णा खाली वाकली. बांधावर पाहिलेला तोच रंग होता.

"कशाचं तरी परावर्तन आहे," आगटे म्हणाले. सुवर्णानंही एकदा हेच म्हटलं होतं. निसारभाईंनी टाकीवर ताडपत्री टाकली, जिन्याच्या खिडकीची काच उघडी टाकली. सावली तशीच राहिली. मग आगटे स्वतः वाकले आणि त्यांनी त्या फिकट पट्ट्यात तळहात टेकला. तो त्यांनी बराच वेळ उचलला नाही.

"गार आहे," ते म्हणाले. "सकाळी असते तशी."

सुवर्णानं हात वर केला. तिच्या पायाखाली काहीच नव्हतं, पण पश्चिमेला लांबवर तिची फिकट सावली हात खाली सोडून उभी होती. तिनं हात खाली घेतला. मग थोड्या वेळानं सावलीनं हात वर केला.



निसारभाईंनी खिशातून खडू काढला. तो आगट्यांनी घेतला आणि नळीच्या सावलीच्या टोकाला खूण केली. सूर्य माथ्यावर होता. सावली थांबायला हवी होती. ती खुणेच्या पुढे सरकली. दुपारकडे नाही, सकाळकडे, म्हणजे आणखी मागे. त्यांनी दुसरी खूण केली. ती तिच्याही पुढे गेली. कडक इस्त्रीचा तो माणूस गुडघ्यांवर रांगत खडू ओढत होता, आणि खुणांमधलं अंतर वाढत होतं.

"आलेख," ते म्हणाले. "सहाव्या प्रकरणातला. आणा."

सुवर्णा जिना उतरली कशी आणि चढली कशी, तिचं तिला कळलं नाही. आगट्यांनी तो कागद खुणांशेजारी ठेवला. एकेका खुणेवर बोट ठेवत ते आलेखावरून चढत गेले. कुठेही अडखळले नाहीत. कठड्यावर सावली चढली, पलीकडे उतरली, खालच्या रस्त्यावर गेली.

"थांबत नाही," आगटे म्हणाले.

"नाही, सर."

ते उठले. पँटवर डांबर लागलं होतं. त्यांचा चेहरा एखाद्या मुलासारखा उजळला होता. "बाई, तुम्ही बरोबर होतात. मी चुकलो. देवाशपथ, चुकण्यात एवढा आनंद असतो हे मला ठाऊक नव्हतं."

सुवर्णा हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. ती त्या उन्हात उभी राहून खदाखदा हसत होती आणि तिला कशाचीच भीती वाटत नव्हती. असं का झालं, इथं कसं झालं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आठ वर्षांनी आकाशानं तिच्या बाजूनं साक्ष दिली होती. साक्षीदाराला 'तू इथं कसा आलास' असं कोण विचारतं? निसारभाईंनी पेल्यातलं कोमट पाणी तिघांत वाटलं आणि ते तिघांनी सरबतासारखं प्यायलं. खाली येऊन आगट्यांनी सही केली आणि सहाव्या प्रकरणाबद्दल स्वतःच्या हातानं दोन ओळी जादा लिहिल्या.

सुवर्णानं आज बसची वाट पाहिली नाही. पेढ्यांचा पुडा घेतला आणि सरळ रिक्षा केली. गंगापूर रोडची झाडं, द्राक्षांचे मांडव, कालव्याचा पूल, सगळं तिला आपल्या लग्नाच्या वरातीसारखं वाटत होतं. रिक्षावाल्याला तिनं कारण नसताना पेढा दिला. "आई, झालं," ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. "आई, झालं!" कुठल्या शब्दावर आवाज चढवायचा तेसुद्धा तिनं ठरवलं.

दुपारचं ऊन अजून तसंच होतं. मळ्यात सामसूम होती. ती फाटकातून धावत आली, ओट्याची पायरी चढली आणि दारातूनच ओरडली.

"आई, झालं!"

नवसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. डोळे रडून सुजले होते, पण चेहरा समाधानानं भरला होता. त्यांच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता.

"आगं, हळू," त्या म्हणाल्या. "कितींदा सांगशील? मघाशी सांगितलंस की."

"मघाशी?"

"आलीस नाय का? दारातूनच वरडलीस. मग हितं बसून दोघींनी पेढे खाल्ले. लय रडलीस गं, माझ्या मांडीवर डोकं ठिवून."

सुवर्णाच्या हातातल्या पुड्यातून फक्त रिक्षावाल्याचा एक पेढा कमी झाला होता. तसाच एक पुडा, त्याच दुकानाचा, चुलीशेजारी उघडा पडला होता. तिला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो राग, लहान मुलाला येतो तसला. आठ वर्षं जपलेलं ते वाक्य कुणीतरी आधीच येऊन म्हणून टाकलं होतं, आणि ते ऐकून आईच्या डोळ्यांत आलेलं पाणी कुणीतरी आधीच पाहून घेतलं होतं.

मग तिला सहावं प्रकरण आठवलं. दोन किरणांपैकी पुढचा कोणता आणि मागचा कोणता, हे पोचल्यावरच कळतं.

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत पंखा चालू होता. काकणं किणकिणली, कुणीतरी कूस बदलल्यासारखी.

नवसाबाईंनी दाराकडे पाहिलं, मग सुवर्णाकडे. त्या घाबरल्या नाहीत. मागून आलेल्या धाकटीसाठी सरकावं तशा त्या चुलीपासून थोड्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा," त्या मायेनं म्हणाल्या. "आन् तुला का गं येवढा उशीर झाला?"