मान हलवू नका, आबा

मोबाइल पालथे ठेवा रे पोरांनो. आणि शेखर, तू दात काढू नकोस, मागच्या खेपेला रात्री अंगणात जायला तुलाच सोबत लागली होती. ही गोष्ट ऐकीव नाही. धसईकडच्या आमच्या देवजीच्या घरात घडली. गेल्या साली, तुळशीचं लग्न लागलं त्या रात्री.

देवजी आंब्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. वर्षभरात बायको, जनी, गेली. पुतण्या पंढरी रात्री सोबतीला यायचा आणि दारातच आडवा व्हायचा. लेक कुणाली आसनगावला खोली घेऊन राहायची, काम कॉम्प्युटरचं. बाप दिवसभर आढ्याकडे बघत पडतो, हे तिच्या जिवाला लागलं होतं. म्हणून तिनं ब्राउझरात आपलंच अंगण उभं केलं. तुळस, बांध, थेट त्या आंब्यापर्यंत शेत. ती आसनगावहून त्या अंगणात यायची, देवजी खाटेवरून. लॅपटॉपचा कॅमेरा त्याचं तोंड बघायचा. मान वळवली की पडद्यावरचा देवजी वळायचा, खाली केली की एक पाऊल पुढे. म्हातारा रोज शेतावर जाऊन यायला लागला. दोन घास जास्त जेवायला लागला.

त्या रात्री आसनगावच्या खोलीवर पूजा आटोपून कुणाली लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावरच्या तुळशीपुढं तिनं दिवे रचले होते, ते बापाला दाखवायचे होते. पण अंगणात देवजी नव्हता. तो लांब बांधावर चालला होता. त्याच्यापुढं एक बाई.

तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर नाव दिसतं. बाईच्या डोक्यावर नाव नव्हतं. आणि तिथला पत्ता या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

"आबा, पुढं कोण हाय?"

"तुजी आई गो. कवाची चाललीय. मागं बघत नाय."

 कुणालीनं पंढरीला फोन लावला. वाजत राहिला.

चकवा लागला की काय करायचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. जागच्या जागी थांबायचं. उजाडेपर्यंत पाऊल टाकायचं नाही.

"आबा, तो चकवा हाय! थांबा. मान हलवू नका!"

"बरं गो," म्हातारा म्हणाला. आणि सवयीनं मान डोलावली.

एक पाऊल.

"मान नका हलवू, आबा!"

"हां, हां..."

आणखी एक.

लेकीचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. आताही तो ऐकतच होता बिचारा.

आंबा आला. त्यापुढं तिनं काहीच रचलं नव्हतं. नुसता काळोख. बाई त्यात शिरली.

"आबा, मला तुमच्याशिवाय कोन हाय?" कुणाली रडायला लागली. "ऐकताय ना?"

विचारलं... आणि आपण काय विचारून बसलो ते तिला कळलं.

देवजीनं सावकाश मान खाली केली.

मग...

बांध. आंबा. कुणी नाही.

पहाटे ती रिक्षा करून घरी पोचली. पंढरी दारातच घोरत होता. त्याला ओलांडून ती आत गेली. देवजी गेला होता. तोंड शांत.

पाया पडायला तिनं पायावरची चादर सारली.

पाय नुकतेच धुतलेले. शेतावरून आल्यावर धुतात, तसे. टाचा दगडानं घासून लाल झालेल्या. बोटांच्या बेचक्यांत अजून पाणी होतं.