नकाशातले बूट

धाकटी बहीण नवऱ्याला सोडून माझ्याकडे आली, तेव्हा मी आधी तिचा फोन ताब्यात घेतला. तो माणूस तिचा फोन इतका पिंजून काढायचा, की ती कुठल्या दुकानात किती वेळ उभी होती हेही त्याला ठाऊक असायचं. मी तिचं सिमकार्ड मोडलं, लोकेशन बंद केलं, एकेका ॲपची परवानगी काढून घेतली. हे घर मी नुकतंच भाड्याने घेतलं होतं. त्याचा पत्ता त्या नालायकाला लागू द्यायचा नव्हता.

आणि या बयेने काय करावं? घरभर आपोआप फिरून केर काढणारं यंत्र आपल्या जुन्याच खात्याला जोडलं!

"तोच पासवर्ड लक्षात होता गं, ताई."

"आणि त्याच्या लक्षात नसेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे यंत्र खोल्यांचे फोटो काढून घराचा नकाशा तयार करतं. मी नकाशा उघडला. पलंग, टेबल, कपाट, सगळं जागच्या जागी होतं. फक्त दाराच्या आत, अडथळा म्हणून, बुटांचा एक जोड दाखवला होता.

आम्हा दोघींकडे बूट नाहीत.

मी खातं पुसलं, यंत्राचं वाय-फाय तोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते बटण दाबून सुरू केलं, तर बैठकीच्या खोलीत मोकळ्या फरशीला वळसा घालून गेलं. मी तिथे हात फिरवला. फरशी गार होती, बाकी काही नाही.

"सेन्सर बिघडलाय मेला," मी म्हणाले. धाकटी भिंतीकडे बघत राहिली.

पुढच्या खेपेला वळसा स्वयंपाकघराच्या दाराशी होता. मग तिच्या खोलीच्या तोंडाशी. काल ते तिच्या पलंगापाशी गेलं आणि कुणीतरी पायाने ढकलावं तसं मागे आलं.

मी बॅटरी काढली आणि यंत्र कचऱ्यात फेकून दिलं. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा रागच जास्त येत होता.

आज सकाळी साधा झाडू घेतला. धाकटी कुशीवर पडून होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं. मी पलंगाशी वाकले.

झाडू अडला.

मी जोर लावला. हलेना.

धाकटीने डोळे उघडले नाहीत. हळू आवाजात, सवयीने म्हणाली,

"अहो, पाय वर घ्या ना. ताई केर काढतेय."

झाडू सरकला.