हेलेबोरला ऊन चालत नाही

डोक्यावर टपकन एक काटकी पडली, तेव्हा ती मागच्या अंगणात उकिडवी बसून हेलेबोरची जुनी पानं कापत होती.

“खाली कोणी आहे का?” वरून आवाज आला.

“आधी वर कोण आहे ते सांगा!”

पानं सळसळली. दोराला लटकलेले दोन बूट खाली आले, मग गुडघे, मग लाल हेल्मेट, आणि हेल्मेटखाली एक ओशाळलेलं हसू.

“झाडं कापतो मी. शेजारच्या घरमालकांनी बोलावलंय. फांदीनं त्यांची खिडकी फोडली म्हणे. तुमच्या बाबांना विचारूनच वर चढलो.”

“बाबांना? त्यांना वाटलं असेल, मांजर काढायला आलात.”

“मांजर असतं तर बरं होतं,” तो म्हणाला. “मांजराला उत्तर द्यावं लागत नाही.”

तिला हसू आलं. पण ते तिनं हातमोज्याआड लपवलं.

पुढे तिचं चष्म्यांचं दुकान, वर बाप-लेकीचं घर आणि मागे हे अंगण. चारी बाजूंनी उंच भिंती, मधोमध ते जुनं पसरट झाड. ऊन इथे पाहुण्यासारखं यायचं, पाणी पिऊन निघून जायचं. सगळे सांगायचे, फरशी घालून टाक. तिनं मात्र कुठूनसं वाचून हेलेबोरचं बी पेरलं. रानातल्या दाट सावलीत वाढणारं, थंडी सरता सरता फुलणारं झुडूप ते. पण ते फुलेल तर ना! वर्षं गेली, नुसती पानंच पानं. “पालेभाजी लावलीस की काय?” असं बाबा विचारायचे. आणि या वर्षी, पहिल्यांदाच, मातीलगत कळ्या दिसल्या होत्या. मान खाली घातलेल्या, गुबगुबीत.

“या झाडाच्या सावलीवर जगतात ही,” ती म्हणाली. “जपून कापा.”

कमरेची लाकडी हातोडी काढून तो खोडावर ठोकत गेला. एका जागी आवाज बदलला... रिकाम्या डब्यासारखा. तो तिनंही ऐकला.

“आतून पोकळ झालंय,” तो हळूच म्हणाला. “नुसत्या फांद्या छाटून भागणार नाही. पूर्ण काढावं लागेल.”

“अजून पालवी फुटते त्याला!”

“फुटते. पण एका जोराच्या वाऱ्यात—”

“घरमालकांना सांगा ना, ठणठणीत आहे म्हणून. एवढं एक वर्ष. तुमचं काय जातंय?”

त्यानं हेल्मेट काढलं. केस घामानं कपाळाला चिकटले होते.

“माझं काय जातंय ते मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “पण या झाडाखाली तुम्ही रोज बसता. मी खोटं नाही बोलणार.”

तिला राग आला. खरं बोलणाऱ्यावर येतो तसा, बिनउत्तराचा राग. ती तरातरा आत निघून गेली, आणि तिनं दार जरा जास्तच जोरात लावलं.

झाड काढायचा दिवस उजाडला. दुकानात बसून आवाज ऐकायचा, पण मागे फिरकायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. करवतीची घरघर सुरू झाली. मात्र धप्प असा एकही आवाज येईना! शेवटी न राहवून ती डोकावली.

प्रत्येक फांदी तो दोरानं बांधत होता. वरून इंच-इंच सोडत होता, आणि खाली त्याचे दोन सोबती ती अलगद झेलत होते, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी.

“अरे, टाक ना सरळ खाली!” एक सोबती वैतागला. “संध्याकाळ करतोस की काय?”

“खाली कळ्या आहेत,” वरून उत्तर आलं. “झाली संध्याकाळ तर होऊ दे.”

संध्याकाळ झालीच. एकही कळी मोडली नव्हती. तिनं चहाचा कप त्याच्यापुढे धरला. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. साखर घालायची ती रागात विसरली होती, हे तिला कप परत घेताना आठवलं.

“गोड होता,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन उतरलं. थेट, पांढरं, निर्लज्ज ऊन. दुपारपर्यंत पानांनी माना टाकल्या. उचलून दुसरीकडे लावावीत, तर हेलेबोरची मुळं हलवलेलं सहन करत नाहीत. मग पुढची वर्षं नुसता रुसवा. ती पाण्याची झारी घेऊन रडकुंडीला आली होती, तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. दारात तो उभा. खांद्यावर बांबू, बगलेत रोपवाटिकेतली हिरवी जाळी.

“सावली मी नेली,” तो म्हणाला. “थोडी परत आणलीय.”

दोघांनी मिळून जाळी ताणली. बाबा वरच्या खिडकीतून सूचना देत होते आणि त्या कोणीच ऐकत नव्हतं.

मग तो येतच राहिला. कधी दोरी सैल झालीय का बघायला, कधी मुळांवर घालायला कुजलेल्या पानांचं पोतं घेऊन. सूर्य सरकला की जाळीही सरकवावी लागते, हे कारण तर रोजचंच होतं. सूर्य किती गुणी आहे, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

आणि एका सकाळी कळ्या उमलल्या. फिकट हिरवट-पांढऱ्या, मान खाली घातलेल्या. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन बोटांनी एक फूल वर उचललं.

“बघा... आत कसे जांभळे ठिपके आहेत!”

तो वाकला. आणखी वाकला. डोळे बारीक केले.

“ठिपके? कुठले ठिपके?”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला दिसत नाहीत?”

“झाडाच्या शेंड्यावरची मुंगी दिसते मला.”

“आणि नाकासमोरचं?”

“नाकासमोरचं... जरा धूसरच असतं.”

तिनं त्याला बाहीला धरून दुकानात आणलं, खुर्चीत बसवलं आणि नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवली. आजवर कितीतरी डोळ्यांत तिनं उजेड टाकून पाहिलं होतं. पण त्यातल्या एकानंही तिच्याकडे असं उलटून पाहिलं नव्हतं.

“माझ्याकडे नाही, कार्डाकडे बघा.”

“कार्डावर काय आहे विशेष?”

“अक्षरं आहेत. वाचा!”

तिनं भिंग बदललं, आणि त्यानं एकदम श्वास रोखला.

“तुमच्या नाकाच्या शेंड्यावर तीळ आहे.”

“आज दिसला?”

“रोजच दिसायचा. मला मातीचा डाग वाटायचा... पुसून टाका म्हणायचं धाडस होत नव्हतं.”

ती इतकी हसली की हातातलं भिंग निसटलं, आणि ते त्यानं अलगद झेललं.

पुढे उन्हाळा चढला. फुलं सरली, बिया गळल्या. नवा चष्मा लावून तो डोंगराकडच्या एका मोठ्या कामावर गेला. “येतो,” एवढंच म्हणाला. कधी ते नाही सांगितलं. आणि तो नसतानाच वारा सुटला. एका झटक्यात जाळी फाटून शेजारच्या भिंतीवर जाऊन लटकली. ती शिडी लावून वर चढली. खाली बाबा एका हातात काठी, एका हातानं शिडी धरून उभे. तिनं जाळी ओढून आणली, जाड सुईनं शिवली, आणि त्याला बघून बघून शिकलेली गाठ मारली. पक्की बसली. पानांवर पुन्हा सावली आली. सगळं ठीक झालं. आता जाळीसाठी कोणाची गरज उरली नव्हती.

मग असं उदास का वाटतंय?

“रोपांची काळजी वाटते का गं?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“रोपांना चष्मा नसतो,” बाबा म्हणाले आणि पेपरात तोंड घालून बसले.

तो परतला तेव्हा उन्हानं रापला होता. नाकावर तिनंच निवडून दिलेला चष्मा होता आणि हातात कमरेएवढं एक रोप. त्यानं आधी जाळीची गाठ पाहिली, बोटानं चाचपली.

“ही कोणी मारली?”

“मी.”

“माझ्यापेक्षा बरी आहे,” तो म्हणाला. पण खूश दिसेना.

जुन्या झाडाच्या उरलेल्या बुंध्याशेजारी दोघांनी खड्डा खणला, रोप लावलं, माती दाबली. बोटं मातीत एकदा एकमेकांना लागली, आणि दोघंही माती जरा जास्तच वेळ दाबत बसले.

“याची सावली कधी पडणार?” तिनं विचारलं.

“खूप वर्षं लागतील. तोवर आपण म्हातारे होऊ.”

“आपण?”

त्याचे कान लाल.

“म्हणजे... तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या—”

“तसं नव्हता म्हणालात तुम्ही.”

“नाही,” त्यानं कबूल केलं. “तसं नव्हतो म्हणालो. डोंगरात रोज तेच म्हणत होतो. तिथे ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून सोपं होतं.”

तिनं मान खाली घातली. मग वाटलं, मान खाली घालायचं काम फुलांचं आहे. आणि तिनं सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

तोच गडबडला. उठून हात झटकू लागला. “जाळी तुम्हाला जमते. रोपही लागलं. आता इथे माझं काही काम उरलं नाही.”

“नाही उरलं,” ती म्हणाली. “म्हणून उद्यापासून काम नसताना ये.”

त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला, जणू ऐकण्यातही त्याचीच गरज असावी.

“काय म्हणालीस?”

“ऐकलंस ते.”