चौथा स्क्रू

"तोंडात घालायचा तो छोटा आरसा असतो ना… अर्ध्या तासासाठी मिळेल का?"

दवाखान्याच्या दारातच उभं राहून मृणालने विचारलं, आणि विचारल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. बोटांना काळी शाई, ओढणी कमरेला बांधलेली, अंबाड्यात खोचलेला स्क्रू ड्रायव्हर. आतल्या डॉक्टरने हातातलं मासिक खाली ठेवलं.

"वरचा दात की खालचा?"

"दात नाही हो. प्रिंटर."

"अच्छा." तो अगदी गंभीर झाला. "किती दिवसांपासून त्रास आहे?"

मृणालला हसू फुटत होतं, पण हसायला वेळ कुठे होता? डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या या इमारतीत समोरच शीलाताईंचं वधू-वर सूचक मंडळ होतं, आणि गेली चार वर्षं तिथलं ऑफिस मृणालच सांभाळत होती. उद्या, रविवारी, ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये मंडळाचा मेळावा. दीडशे स्थळांची पुस्तिका आजच छापून व्हायला हवी होती, आणि सकाळी अर्ध्यातच प्रिंटरने कागद ओढणं बंद केलं. मेकॅनिक म्हणे मंगळवारी येणार. बाहेर छापायला द्यावं, तर लोकांचे पत्ते, फोन नंबर… मेळाव्याआधी शीलाताई एक पान दाराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत. कागद ओढणारा रबरी रोलर झिजलाय हे मृणालला आवाजावरूनच कळलं होतं. नवा तिने महिन्यापूर्वी मागवूनही ठेवला होता. चारपैकी तीन स्क्रू निघालेले. चौथा मात्र पत्र्याच्या मागे, अशा बेचक्यात बसला होता की हाताला लागायचा, पण डोळ्याला दिसायचा नाही.

"आरसा देतो," डॉक्टर म्हणाला, "पण मी पण येणार. पेशंट चार वाजता आहे."

"एकच?"

"एक आहे तेच खूप. पंधरा दिवस झालेत दवाखाना उघडून." तो उठला. "मी सौमित्र."

"मृणाल. आणि… बाही वर करून या. शाई जात नाही."

प्रिंटरसमोर दोघं गुडघ्यावर बसले. पत्र्याच्या मागे जेमतेम चार बोटं जागा. लांब ड्रायव्हर आत वळतच नव्हता, म्हणून मृणालने एक बुटका, मुठीत मावेल एवढा ड्रायव्हर घेतला होता. सौमित्रने आरसा आत सरकवला, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि त्या इवल्याशा गोलात स्क्रूचं डोकं चमकलं.

"दिसला!" मृणाल ओरडलीच.

"आता थोडं डावीकडे… नाही, नाही, डावीकडे."

"डावीकडेच तर नेतेय!"

"आरशात उलटं दिसतं. तुम्ही आरशाकडे बघूच नका. डोळे मिटा. मी सांगतो तसा हात न्या."

तिने डोळे मिटले. चार वर्षांत या ऑफिसात तिने कुणाच्या सांगण्यावरून काहीच केलं नव्हतं. आणि आता कानाजवळ एक शांत आवाज होता — वर… अजून केसभर वर… थांबा… हां, तिथेच. पेशंटशी बोलायची सवय असेल, ती मनात म्हणाली. तरी कानाची पाळी उगाचच गरम झाली.

ड्रायव्हर खाचेत बसला, पण स्क्रू हलेना. मृणालने टिटवाळ्याला वडिलांना फोन लावला. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणत. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते ते.

"भाऊ, सुटतच नाहीये."

"जोर नको लावू. डोकं झिजलं की संपलं सगळं," फोनमधून आवाज आला. "आधी किंचित आवळ. हो, आवळ. मग सोड. आणि कोण आहे गं तिथे? टॉर्च कोणी धरलाय?"

"समोरचे डॉक्टर आहेत."

"डॉक्टर? लागलं का तुला?"

"नाही हो भाऊ, ठेवा!"

तिने स्क्रू किंचित आवळला, मग उलटा फिरवला. कट्ट… आणि तो सुटला. सुटला तो थेट मशीनच्या पोटात पडला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत स्क्रू सुटा ठेवून मशीन चालू करणं शक्यच नव्हतं. सौमित्र समोर दवाखान्यात गेला आणि लांब, वाकड्या टोकाचा चिमटा घेऊन आला. अक्कलदाढेच्याही मागे कापूस ठेवायचा तो चिमटा. पाच मिनिटं श्वास रोखून शोधल्यावर स्क्रू वर आला.

"आता परत बसवताना पुन्हा पडणार," मृणाल म्हणाली.

"नाही पडणार." त्याने खिशातून मेणाची कांडी काढली. "दातांना तार लावतो ना, ती टोचू नये म्हणून देतो आम्ही हे." त्याने इवलासा गोळा ड्रायव्हरच्या टोकाला लावला, वर स्क्रू चिकटवला. तिने ड्रायव्हर उलटा धरून पाहिला. स्क्रू पडला नाही.

"हे भाऊंना पण माहीत नसेल," ती खूश होऊन म्हणाली.

रोलर बसवता बसवता ती बोलत सुटली. गेल्या वर्षीचं कल्याणचं स्थळ. त्यांनी बघायला यायचं सोडून हिलाच घरी बोलावलं होतं. चटणी वाटताना त्यांचा मिक्सर बंद पडला, आणि ही साडी खोचून तो खोलून बसली. चालूही करून दिला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मुलगी जरा पुरुषी वाटते.

"मिक्सर चालतोय का अजून?" सौमित्रने विचारलं. तो हसला नाही.

"चालत असेल की."

"मग चटणी खाताना रोज आठवण येत असेल त्यांना."

तिने मान खाली घातली. गेल्या वर्षभरात ती गोष्ट तिने खूप जणांना हसत सांगितली होती. आज पहिल्यांदाच सांगून झाल्यावर बरं वाटलं होतं.

प्रिंटर सुरू झाला. सकाळी जिथे थांबला होता तिथून, सदतिसाव्या पानापासून. गरम पान सरकत बाहेर आलं, आणि मृणालचं हसू तिथेच थांबलं. यातली वीस पानं शीलाताईंनी घरूनच भरून पाठवली होती, तिने वाचलीही नव्हती. पानावर दाढीवाला जुना फोटो. खाली नाव — डॉ. सौमित्र. अपेक्षा: गृहकृत्यदक्ष, शांत, मितभाषी.

"तुमचं नाव आहे आमच्याकडे," ती हळूच म्हणाली. "सांगायचं तरी."

त्याने पान हातात घेतलं. "अहो, मलाच माहीत नाही! हे आत्याचं काम. शपथ."

"असेल. पण अपेक्षा घरातल्यांच्याच असतात ना? मिक्सर चालला तरी मुलगी चालत नाही."

तो काही बोलणार, एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. चारचा पेशंट. सौमित्र दारात घुटमळला, मग गेला. प्रिंटर संध्याकाळपर्यंत घरघरत राहिला.

रविवारी हॉल गच्च भरला होता. दारातल्या टेबलावर मृणाल नावं नोंदवून पुस्तिका देत होती. रांगेत निळ्या शर्टात सौमित्र दिसला तेव्हा तिने मुद्दाम वर पाहिलंच नाही.

"उमेदवारांनी डाव्या बाजूला बसायचं."

"मला नाव मागे घ्यायचंय."

"लेखी द्यावं लागतं. कारणासकट."

त्याने कागद घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि परत दिला.

"कारण लिहिलं नाहीत."

"एवढ्या जागेत मावत नाही."

"अहो, पटकन आटपा ना, आमच्या मुलीचा नंबर पहिला आहे!" मागून एक बाई कडाडल्या. शीलाताईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढून स्वतःच टेबलाशी बसल्या. "मृणाल, जरा मोकळी हवा खाऊन ये. लाल झालीयस."

जिन्यात दोघंच उभे राहिले.

"काल आत्याला फोन केला," सौमित्र म्हणाला. "म्हटलं, मितभाषी मुलगी नको मला. ती म्हणाली, मग कशी हवी? आणि… माझं उत्तर तयार होतं. त्याचीच भीती वाटली."

"एका दुपारीत?"

"ठरवत काहीच नाहीये मी. पण तुम्ही डोळे मिटलेत ना, माझ्या भरवशावर… तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. नाही म्हणालात तरी चालेल. मी समोरच असेन, आरसा लागला तर मागायचा."

मृणालने जिन्याचा कठडा घट्ट धरला. "पुस्तिका उघडा. सदतिसावं पान."

त्याने उघडली. छत्तीस. पुढे अडतीस. पुन्हा मागे जाऊन पाहिलं.

"राहून गेलं?"

"राहून नाही गेलं. प्रिंटर आता नीट चालतोय." तिने पुस्तिका त्याच्या हातातून घेतली. "काल तुम्ही गेल्यावर मी दोन तास त्याच्याजवळ उभी होते. राग येत होता. कुणावरचाही राग माझा दोन तास टिकत नाही, म्हणून मग मला कळलं. तुमचं ते पान दीडशे आयांच्या हातात द्यायचं नव्हतं मला. चार वर्षांत पहिल्यांदा कामात चोरी केली. आत्ता जाऊन शीलाताईंना सांगणार आहे."

"ओरडतील?"

"खूप." ती पायरीवर वळली. "मेळावा पाचला संपेल. थांबशील?"

'तू' तोंडून निसटल्याचं तिला उशिरा कळलं. त्याला मात्र लगेच कळलं होतं. तो नुसता हसला, मान हलवली.

शीलाताई ओरडल्या, पोटभर ओरडल्या, आणि मग तिच्या हातात माइक देऊन म्हणाल्या, "जा, नावं पुकार."

मृणाल स्टेजवर चढली. शेवटच्या रांगेत, मुलींच्या आयांच्या घोळक्यात सौमित्र अडकला होता. एकीने त्याला शिक्षण विचारलं, दुसरीने उंची, तिसरीने थेट मुलीचा फोटोच पुढे केला.

"नाही हो, मावशी," त्याचा आवाज स्टेजपर्यंत आला. "माझं जमलंय."

हातातल्या यादीतलं पुढचं नाव मृणालला काही केल्या वाचता येईना. सगळा हॉल माइककडे बघत वाट पाहत होता, आणि ती तशीच उभी राहून हसत होती.