दुधाच्या पिशवीची साक्ष

शेजारी झोपलेल्या लेकीच्या, ओवीच्या, कपाळावर टपकन थेंब पडला आणि शर्वरी दचकून उठली. सकाळचे सहा. बाहेर जानेवारीची कोरडी थंडी, आणि माळ्याच्या पत्र्यातून पाणी ठिबकत होतं.

दांडिया बाजारातल्या त्या घराचा माळा गेल्याच वर्षी झोपायची खोली केलेला. उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांपासून, पंधरा दिवस रोज हेच. भिंतीवर काळी बुरशी, सात महिन्यांच्या ओवीच्या छातीत घरघर. "ओल गेली नाही तर माझं औषध काय करणार?" डॉक्टर म्हणाले होते.

सासऱ्यांनी, प्रतापरावांनी, निकाल देऊन टाकला होता. "त्या जिग्नेशचाच उद्योग! पतंग काढायला चढला आणि पत्रा फोडला." शेजाऱ्यांशी बोलणं बंद. त्यांच्या गच्चीवर वाळणारी ओवीची दुपटी तेव्हापासून माळ्यावरच वाळत.

शर्वरीनं जिन्यात जिग्नेशभाईंना गाठलं.

"चढला होतात?"

"हो भाभी, खोटं कशाला बोलू? पण भिंतीवर. पत्र्याला पाय नाही लावला, माताना सम, देवीची शपथ."

"मग पाणी कुठून येतं?"

"काल दुपारी मी वरून तुमच्या पत्र्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. तुमच्याकडे आत थेंब तरी पडला?"

नव्हता पडला.

संध्याकाळी तिनं दुधाची रिकामी पिशवी कापून, धुऊन, पुसून पत्र्याला आतून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवली. मग रोजच्यासारखं ओवीच्या उशाशी वाफेचं मशीन लावलं.

"गार वारा लागत नाही ना आता पोरीला?" प्रतापराव दारातूनच विचारून गेले. अंगावर पातळ चादर. ज्या गोधडीशिवाय त्यांना झोप येत नसे, ती बऱ्याच दिवसांत दिसली नव्हती.

सकाळी पिशवीची खोलीकडची बाजू थेंबांनी भरली होती. शर्वरीनं पिशवी ओढून काढली. तिच्यामागचा पत्रा कोरडा होता. मग स्टुलावर चढून तिनं कपाटामागे वाकून पाहिलं आणि सासऱ्यांना हाक मारली.

"बाबा, पाणी बाहेरून येत असतं तर पिशवीच्या मागं साचलं असतं. हे आपल्याच खोलीतलं पाणी आहे. वाफ, ओली दुपटी, आमचे श्वास. पत्रा गार पडला की त्याला थेंब सुटतात, गार ताकाच्या पेल्याला बाहेरून सुटतात तसे. आधी ही वाफ कपाटामागच्या फटीतून निघून जायची." ती थांबली. "तुमची गोधडी कुठंय, बाबा?"

प्रतापरावांनी कपाटामागे बोट केलं.

"उत्तरायणाला वारा फार सुटला होता गं. पोर कुडकुडत होती. फाडली, आणि बसवली फटीत."

शर्वरीला रागावताही येईना.

"निम्मा गुन्हा माझा. ती खोकली की मी वाफ लावते. वाफ लावली की छप्पर गळतं. गळलं की ती खोकते."

प्रतापराव स्टुलावर चढले आणि एकेक चिंधी ओढून काढू लागले. ओली, काळी पडलेली. फट मोकळी झाली तसा गार झोत आत आला. ओवी खोकली.

त्यांचा चिंधीचा हात परत फटीकडे गेला. शर्वरीचा मशीनच्या बटणाकडे. दोघंही तसेच थांबले.

"मग करायचं काय गं आपण?"

तिनं ओवीला शालीत घेतलं आणि ओल्या दुपट्यांची बादली सासऱ्यांपुढे सरकवली.

"जिग्नेशभाईंच्या गच्चीवर ऊन आलं असेल."

प्रतापरावांनी बादली उचलली. शेजारच्या दारापर्यंत जाताना ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा मागून ओवीचा खोकला ऐकू आला. मग त्यांनी कडी वाजवली.